मॉन्टेरेचा तिसरा प्रहर

१८ जून १९६७, रविवार. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे या किनाऱ्यालगतच्या गावात, जत्रेच्या मैदानावर भरलेल्या पॉप महोत्सवात दुपारी पंडित रविशंकर सतार घेऊन बसले. त्याच मंचावर त्याच रात्री जिमी हेन्ड्रिक्सने आपल्या गिटारवर लायटरचं इंधन शिंपडलं आणि काडी ओढली. घडलं ते या क्रमाने. दीड वर्षाने पडद्यावर आलेल्या ‘मॉन्टेरे पॉप’ या माहितीपटात मात्र आधी गिटार जळते आणि मागाहून सतार वाजते. दिग्दर्शक डी. ए. पेनेबेकर यांनी ही उलटापालट विचारपूर्वक केली. संगीत महोत्सवाचं चित्रण आणि संगीत महोत्सवाचा चित्रपट यांत काय फरक असतो, हे समजून घ्यायला या एका निर्णयासारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आधी महोत्सवाबद्दल. १९५८ पासून याच मैदानावर मॉन्टेरेचा जॅझ महोत्सव भरत होता. जॅझला तोवर अमेरिकेत प्रतिष्ठा मिळाली होती. रॉक अँड रोल मात्र शाळकरी पोरांचा गोंगाट समजला जाई. ॲलन पॅरिझर आणि बेनी शपिरो या दोघांनी पॉप संगीताचाही असाच महोत्सव भरवायचं ठरवलं आणि सर्वांत आधी रविशंकरांशी करार केला. मग ते ‘द ममाज अँड द पापाज’ या लोकप्रिय चमूकडे गेले. त्या चमूचा जॉन फिलिप्स आणि निर्माता लू ॲडलर यांनी सगळा बेतच फिरवला. कोणीही मानधन घ्यायचं नाही, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च तेवढा मिळेल, उरलेला पैसा धर्मादाय कामाला जाईल, असं ठरलं. शपिरो बाहेर पडले. प्रसिद्धीचं काम पूर्वी बीटल्सचं काम पाहणाऱ्या डेरेक टेलर यांनी अंगावर घेतलं. रविशंकरांचा करार आधीच झालेला असल्यामुळे तीन दिवसांत मानधन मिळालेले ते एकटेच कलावंत ठरले.

१६ ते १८ जून असे तीन दिवस हा महोत्सव चालला. मुख्य प्रेक्षागारात जेमतेम ७,००० माणसांची सोय होती. बाकीचे मैदानात हिंडत, गवतावर लोळत ऐकत होते. पुढे वुडस्टॉकला लाखांचा समुदाय जमला, त्या मानाने हे घरगुतीच. मंच आणि खुर्च्या यांत अंतर इतकं कमी की गाणाऱ्याला पहिल्या काही रांगांतले चेहरे दिसावेत. चित्रपटाच्या दृष्टीने हे फार मोलाचं ठरलं.

त्या काळी दूरचित्रवाणीवर पॉप गायक दिसत ते बहुतेकदा आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवताना. खरं गाणं, खरा घाम, चुकलेला सूर यांची पडद्यावर गाठ क्वचितच पडे. सन्माननीय अपवाद होता तो बर्ट स्टर्न या छायाचित्रकाराने १९५८ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावर केलेल्या ‘जॅझ ऑन अ समर्स डे’चा. त्यात चक बेरीही आहे आणि श्रोत्यांचे सुंदर चेहरेही आहेत. पेनेबेकर यांच्या चित्रपटाचं कौतुक करताना स्टर्नचं हे ऋण मान्य करायलाच हवं. पण पेनेबेकरांच्या हाती स्टर्नकडे नव्हतं असं एक साधन होतं.

पेनेबेकर हे येल विद्यापीठातून शिकलेले यांत्रिकी अभियंते. चित्रपटाकडे ते कलेच्या वाटेने आले त्यापेक्षा यंत्राच्या वाटेने अधिक आले. १९५० च्या दशकात आवाजासह चित्रण करायचं म्हणजे अवजड कॅमेरा, तिवई, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांना जोडणारी केबल आणि सोबत माणसांचा लवाजमा. त्यातून अवघड प्रश्न वेगाचा. कॅमेऱ्याची मोटर आणि टेप अगदी एका गतीने धावली नाही तर काही मिनिटांतच ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. माहितीपटनिर्माते रॉबर्ट ड्र्यू यांच्या चमूत काम करताना सहकारी रिचर्ड लीकॉक आणि पेनेबेकर यांनी यावर उपाय शोधला. ब्युलोव्हा कंपनीच्या ॲक्युट्रॉन या मनगटी घड्याळात चाकांच्या टिकटिकीऐवजी एक चिमुकला नादकाटा कंप पावत असे. त्याच्या अचूक ठेक्यावर कॅमेरा आणि टेप दोन्ही बांधले की मधली केबल गळून पडते. १९६० साली केनेडी आणि हम्फ्री यांच्या विस्कॉन्सिनमधल्या प्राथमिक निवडणुकीवर या चमूने केलेला ‘प्रायमरी’ हा सोबत नेता येणाऱ्या हलक्या कॅमेऱ्याचा पहिला मोठा चित्रपट. कॅमेरा खांद्यावर आला, गर्दीत शिरला, दारातून माणसाच्या मागोमाग चालू लागला. याच पद्धतीने पेनेबेकरांनी बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावर ‘डोन्ट लुक बॅक’ केला. मॉन्टेरेसाठी ॲडलर आणि फिलिप्स यांना हाच माणूस हवा होता.

महोत्सवात पाच-सहा कॅमेरे फिरत होते. स्वतः पेनेबेकर, लीकॉक, अल्बर्ट मेझल्स, जिम डेस्मंड, निक प्रोफरेस ही मंडळी कॅमेऱ्यामागे होती. त्यांना कानात कोणी सूचना देत नव्हतं. कुठे उभं राहायचं, कधी जवळ जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. १६ मिलिमीटरच्या फिल्मचं ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं आणि फिल्म महाग. तीन दिवस अखंड चित्रण करणं परवडणारं नव्हतं. म्हणून मंचाजवळ एक लाल दिवा ठेवला होता. डिलनचा मित्र बॉब न्यूवर्थ तो लावी. दिवा लागला की हे गाणं टिपायचं, अशी खूण. आवाजाची व्यवस्था मात्र चोख होती. वॉली हायडर यांच्या आठ ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रण होत होतं. आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर साठत असल्यामुळे गळा किती वर ठेवायचा, ढोल किती मागे न्यायचा, हे नंतर शांतपणे ठरवता येत होतं. रॉकच्या प्रत्यक्ष मैफलीचं इतक्या निगुतीने मुद्रण त्या वेळी दुर्मीळच होतं.

या मोकळेपणाची किंमतही पडद्यावर दिसते. ‘जेफरसन एअरप्लेन’च्या एका गाण्यात मुख्य गायन मार्टी बॅलिनचं आहे आणि कॅमेरा खिळून राहिला आहे ग्रेस स्लिकच्या चेहऱ्यावर. ती ओठ हलवत राहते, आवाज त्याचा येत राहतो. माहितगार प्रेक्षक चुकचुकतो. पण पेनेबेकरांनी हे चित्रण ठेवलं, आणि मला ते योग्य वाटतं. कॅमेरामन त्या क्षणी तिच्याकडे ओढला गेला, हीसुद्धा त्या रात्रीची एक खरी नोंद आहे.

ओटिस रेडिंगचं चित्रण मी तंत्राच्या विद्यार्थ्याला हमखास पाहायला सांगेन. शनिवारची रात्र, उशीर झालेला. रेडिंगला आजवर डोक्यावर घेतलं होतं ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय श्रोत्यांनी, आणि समोर बसलेली तरुण मंडळी बहुतांशी गोरी. साथीला ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’. पहिल्या जोशपूर्ण गाण्यानंतर तो संथ लयीचं प्रेमगीत सुरू करतो. इथे कॅमेरा त्याच्या पाठीशी आहे. समोरचा प्रखर झोत थेट भिंगात येतो आहे. छायाचित्रणाच्या कुठल्याही वर्गात हे असं करू नये म्हणून शिकवतात. रेडिंगचं डोकं झोताच्या आड आलं की त्याची काळी आकृती दिसते, कडेने प्रकाशाची किनार. तो जरा बाजूला झुकला की पडदा पांढराफटक होतो. गाण्याचे आघात आणि प्रकाशाचे हे झपकारे एकमेकांत मिसळतात. चेहरा जवळजवळ दिसतच नाही आणि तरी गाणं अंगावर येतं. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमध्ये विमान तळ्यात कोसळून रेडिंग गेला, वयाच्या २६ व्या वर्षी. लोकांनी हे चित्रण पाहिलं तेव्हा तो या जगात नव्हता.

जॅनिस जॉप्लिनचं गाणं तर आपल्याला जवळजवळ मिळणारच नव्हतं. ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ हा तिचा चमू शनिवारी दुपारी गायला आणि सारं मैदान हादरलं, पण चमूच्या व्यवस्थापकाने चित्रणाला परवानगी नाकारली होती. कॅमेरे बंद. खुद्द जॅनिसला याची हळहळ वाटली. बरीच मनधरणी झाली, चमूने परवानगी दिली आणि रविवारी त्यांना पुन्हा मंच मिळाला. पडद्यावर दिसतो तो हा दुसरा प्रयोग. गाणं बिग मामा थॉर्न्टन या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेचं. जॅनिस ते गळ्यातून काढते की पोटातून, असा प्रश्न पडावा. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून खाली पायांशी जातो: ठेक्यासरशी टाच आपटते, उचलते, पुन्हा आपटते. गाणं संपताच लहान मुलीसारखी उड्या मारत ती मंचावरून जाते. त्याआधी क्षणभर श्रोत्यांत बसलेली कॅस एलियट दिसते. स्वतः नावाजलेली गायिका, आ वासलेली, तोंडातून एकच उद्गार निघतो. तो ऐकू येत नाही, ओठांवर वाचता येतो. जॅनिस किती मोठी आहे हे सांगायला निवेदकाची गरज उरत नाही. निवेदक या चित्रपटात नाहीच.

रविवारच्या रात्री ‘द हू’ आणि हेन्ड्रिक्स यांच्यात आधी कोणी जायचं यावरून वाद झाला आणि नाणं उडवून तो सुटला. ‘द हू’ आधी गेले. शेवटी त्यांच्या पीट टाउन्शेंडने गिटार आपटून फोडली, धुराचे लोट उठले, कामगार माइक वाचवायला धावले. त्याच्यावर कडी करायची तर हेन्ड्रिक्सला काहीतरी न भूतो असं करावं लागणार होतं. तो इंग्लंडात नाव कमावून आलेला अमेरिकन. मायदेशात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. अखेरच्या गाण्यात तो गुडघ्यांवर बसतो, पेटलेल्या गिटारवर बोटं नाचवून ज्वाळांना वर बोलावतो, मग ती आपटून तिचे तुकडे श्रोत्यांत भिरकावतो. कॅमेरा वळून काही मुलींचे चेहरे दाखवतो. त्यांवर आनंद नाही, भीतीही नाही. काय चाललंय ते न कळलेली शांतता आहे.

रविशंकरांना हे सारं पाहून वेदना झाल्या. वाद्य पूज्य मानणाऱ्या, त्याला चुकून पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या परंपरेतले ते. हेन्ड्रिक्सच्या वादनाची तयारी त्यांना दिसत होती. वाद्याचा असा अवमान मात्र त्यांना सहन झाला नाही, आणि हे त्यांनी पुढे स्पष्टपणे सांगितलं आणि लिहिलं. रॉकच्या चमूंच्या मधोमध आपण वाजवणार नाही, वेगळी बैठक हवी, ही त्यांची अट होती. म्हणून रविवारची अख्खी दुपार त्यांना मिळाली.

ती दुपार तीन तासांहून अधिक चालली. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. अल्लारखाँ मुंबईत स्थायिक झालेले, १९४० च्या सुमारास ते मुंबई आकाशवाणीत आले, ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांना संगीत दिलं, आणि त्यांच्या माहीमच्या घरात वाढलेला त्यांचा मुलगा झाकीर तेव्हा १६ वर्षांचा होता. रविशंकरांनीही १९६२ मध्ये मुंबईत ‘किन्नर’ ही संगीतशाळा काढली होती. १९६६ च्या सप्टेंबरात जॉर्ज हॅरिसन त्यांच्याकडे सतार शिकायला मुंबईतच आला होता आणि त्या बातमीने पाश्चात्त्य तरुणांचं कुतूहल शिगेला नेलं होतं. मॉन्टेरेच्या श्रोत्यांचे कान त्या बातमीने टवकारलेले होते.

त्या दिवशी वाजलेला मोठा राग होता भीमपलासी. कोमल गंधार-निषादाचा, आरोहात रिषभ आणि धैवत सोडून चढणारा, आपल्याकडे दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी गायचा राग. समोरच्यांतल्या बहुतेकांना प्रहर ठाऊक नव्हता, पण रविशंकरांनी तो पाळला. भीमपलासीनंतर अल्लारखाँचा एकतालातला एकल तबला झाला आणि शेवटी दादऱ्यातून द्रुत तीनतालात जाणारी धून. याच बैठकीची निवडक ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या भागाला भीमपलासी म्हटलं आहे, पण ऐकू येते ती ही धून. आपल्या श्रोत्याला हे पहिल्या काही मिनिटांतच कळेल.

आता चित्रपटाचा शेवट पाहू. हेन्ड्रिक्सची गिटार जळून जाते. मग ‘द ममाज अँड द पापाज’चं एक मृदू गाणं येतं, श्वास घेण्यापुरतं. महोत्सवाचा खरा समारोप याच चमूने केला होता. पेनेबेकर मात्र तिथे थांबत नाहीत. सतारीचा सूर येतो आणि बराच वेळ सतार दिसतच नाही. दिसतात ती माणसं: झोपलेली, जागी होणारी, गालांवर रंग लावलेली, केसांत फुलं माळलेली, डोळे मिटून डोलणारी. वाजवणारे कुठे आहेत हे प्रेक्षकाला कळत नाही. आवाज त्या दुपारच्या हवेतच आहे असं वाटतं. मग हात दिसतात, बोटं दिसतात, अल्लारखाँचा हसरा चेहरा दिसतो. लय वाढते. सतार एक तुकडा फेकते, तबला तो झेलून परत करतो. तुकडे लहान लहान होत जातात, दोघं एकमेकांकडे पाहून हसतात. आपल्या मैफलीत सवाल-जवाबाच्या वेळी मान हलते, हात उचलला जातो, समेला दाद येते. सोळा मात्रा न मोजता येणाऱ्या त्या मुलामुलींच्या माना त्याच जागी हलू लागतात. त्या श्रोत्यांत हेन्ड्रिक्सही बसलेला दिसतो. पडद्यावर तो थोड्या वेळापूर्वी गिटार जाळून गेलेला आहे. प्रत्यक्षात ती आग अजून काही तास पुढे आहे. एकच माणूस आधी आगीशी खेळताना आणि नंतर गुपचूप ऐकताना दिसतो, हे संकलनाने साधलेलं आहे. अखेरची सम येते आणि सगळे उठून उभे राहतात. टाळ्या थांबत नाहीत. तिथेच चित्रपट संपतो.

सुमारे ७९ मिनिटांच्या चित्रपटातली १८ मिनिटं, म्हणजे जवळपास पाव भाग या एका वादनाला दिला आहे. इतरांच्या वाट्याला एक-दोन गाणी आली. ‘ग्रेटफुल डेड’, ‘द बर्ड्‌स’, ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ तर यात नाहीतच. रॉकच्या चाहत्यांना हा अन्याय वाटत आला आहे. मला वाटतं, पेनेबेकर आणि संकलक निना शुलमन यांनी महोत्सवाचा गाभा अचूक ओळखला. तीन दिवस तिथे जे जमले होते, ते नाव माहीत नसलेलं काही ऐकायलाही राजी होते. ओटिसला ऐकणारे गोरे तरुण, जॅनिसला ऐकणारी कॅस, दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू मासेकेलाच्या ट्रम्पेटवर डोलणारे लोक, हे सगळे एकाच साखळीत बसतात, आणि त्या साखळीचं टोक म्हणजे तीन तास सतार ऐकणारं मैदान. हेन्ड्रिक्सच्या आगीवर शेवट केला असता तर चित्रपट एका रात्रीच्या खळबळीचा झाला असता. सतारीवर शेवट केल्यामुळे तो श्रोत्यांचा झाला.

हा चित्रपट मुळात एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीसाठी होता. तिने आगाऊ पैसेही दिले होते. ॲडलर यांनी कंपनीच्या प्रमुखांना हेन्ड्रिक्सचं चित्रण दाखवलं, आणि घराघरांत हे दाखवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. चित्रपट मोकळा झाला. डिसेंबर १९६८ मध्ये तो चित्रपटगृहांत आला आणि चालला. घरातल्या छोट्या पडद्यावर, जाहिरातींच्या मधे मधे तुकडे होऊन तो दिसला असता तर त्याचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. महोत्सवाच्या पैशांतून उभं राहिलेलं प्रतिष्ठान आजही मदतीचं काम करतं.

पुढचा इतिहास वेगाने घडला. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक झालं. मायकेल वॉडली यांचा तीन तासांचा ‘वुडस्टॉक’ १९७० मध्ये आला; पडद्याचे दोन-दोन, तीन-तीन भाग करून एकाच वेळी मंच आणि माणसं दाखवणाऱ्या त्याच्या संकलनात थेल्मा स्कूनमेकर आणि तरुण मार्टिन स्कॉर्सेसी होते. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. रविशंकर तिथेही वाजवायला गेले, पावसात. चिखलात बसलेला तो समुदाय पाहून त्यांना आपल्याकडच्या डबक्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या. अशा महोत्सवांपासून त्यानंतर ते दूर झाले. डिसेंबर १९६९ मध्ये ऑल्टमाँट इथे रोलिंग स्टोन्सच्या मैफलीत, मंचासमोरच एका तरुणाचा जीव घेतला गेला आणि तो प्रसंग कॅमेऱ्यात टिपला गेला. मॉन्टेरेला कॅमेरा धरलेले अल्बर्ट मेझल्स, त्यांचे बंधू डेव्हिड आणि शार्लट झ्वेरिन यांचा ‘गिमी शेल्टर’ त्या रात्रीचा आहे. खुद्द पेनेबेकर सप्टेंबर १९६९ मध्ये टोरांटोच्या रॉक अँड रोल पुनरुज्जीवन महोत्सवाला गेले. बो डिडली, जेरी ली लुईस, चक बेरी, लिटल रिचर्ड हे मूळ पुरुष आणि त्यांच्यानंतर, विमानात जेमतेम तालीम करून उतरलेला जॉन लेननचा नवा चमू, असा त्यांचा ‘स्वीट टोरांटो’ आहे. जुन्या रॉक अँड रोलवर प्रेम असणाऱ्याने तो जरूर पाहावा. पण मॉन्टेरेचं संकलन जितकं विचारपूर्वक केलेलं आहे, तितकं मला त्यात दिसत नाही.

२०१२ मध्ये पेनेबेकरांना सन्मानाचं ऑस्कर मिळालं. माहितीपटकाराला ते पहिल्यांदाच दिलं गेलं. २०१८ मध्ये ‘मॉन्टेरे पॉप’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी पेनेबेकर गेले. वगळलेली बरीच गाणी आता वेगळी पाहायला मिळतात, आणि सतारीची ती १८ मिनिटंही सुटी काढून पाहण्याचा मोह होतो. ते करू नका. ७९ मिनिटं काढा, जमेल तेवढा मोठा पडदा आणि चांगले हेडफोन घ्या, आणि पहिल्या चौकटीपासून शेवटच्या टाळीपर्यंत चित्रपट सलग पाहा.